नऊ चौकोन आणि घरची वाट

आपल्याकडे स्मरणशक्तीचा विषय निघाला, की बहुधा पाठांतराच्या गोष्टी सुरू होतात. कोणाच्या आजोबांना सबंध गीता मुखोद्गत असते, कोणाच्या आत्याबाईंना घरातल्या तीन पिढ्यांच्या जन्मतिथी सांगता येतात, तर कोणाचे चिरंजीव तीसपर्यंतचे पाढे उलटसुलट म्हणून दाखवितात. अशा स्मरणाचे घरीदारी कौतुक होते आणि ते व्हावयासही हवे. परंतु मनुष्याजवळ स्मरणाचा आणखी एक प्रकार असतो, आणि त्याचे कौतुक कोणी केलेले माझ्या तरी ऐकिवात नाही. परगावी आपण वाट विचारतो. समोरचा गृहस्थ हात वर करून सांगतो, "दुसऱ्या चौकात उजवीकडे वळा, देवळाला वळसा घाला, मग डाव्या हाताचा तिसरा बोळ." हे ऐकत असताना मनात एक चित्र उमटते आणि पुढली दोन-चार मिनिटे आपण त्या चित्राच्या आधारानेच चालत असतो. रस्ता ओलांडताना उजवीकडे पाहिलेली सायकल, मान डावीकडे वळविल्यावरही, कोठे असेल याचे भान आपल्याला राहते. हे सारे क्षणभराचे स्मरण आहे. काम झाले की ते पुसले जाते. ते असते तोवर त्याची जाणीव नसते, आणि ते गेले म्हणजे काय गेले हे सांगावयास शब्द सापडत नाहीत.

या मुक्या स्मरणाची ओळख मला माझ्या वडील बंधूंच्या आजारपणाने करून दिली. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. नोकरीची सारी वर्षे त्यांनी जमीनमोजणीच्या खात्यात नकाशे काढण्यात घालविली. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून बडोद्याचे. मी मात्र लग्नानंतर नागपुरास गेले आणि तेथल्या एका शाळेत गणित शिकवीत राहिले. दादांचे घर दांडिया बाजारात. निवृत्तीनंतर त्यांचा एक नेम होता. रोज सायंकाळी पायी मांडवीपर्यंत जावयाचे, एका ठरावीक दुकानाच्या पायरीवर समवयस्कांबरोबर घटकाभर बसावयाचे, आणि दिवेलागणीला परत यावयाचे. एखाद्या गावाचा शिवार एकदा पायाखालून घातला, की त्याची आकृती त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राही. आम्ही भावंडे लहानपणी त्यांना गमतीने 'चालता नकाशा' म्हणत असू.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात दादांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. डावा हात बधिर झाला. दवाखान्यात वेळेवर नेल्यामुळे आठवड्याभरात हाताला बळ आले. मेंदूच्या छायाचित्रावरून डॉक्टरांनी सांगितले की इजा उजव्या बाजूला, मागल्या भागात आहे. बोलण्यात तसूभरही फरक नव्हता. तीच मिश्किल वाणी, तेच दाखले. भेटीस येणारे म्हणत, "दादासाहेब होते तसेच आहेत." आम्हालाही तसेच वाटले.

दोन महिन्यांनी दादांनी आपला सायंकाळचा नेम पुन्हा सुरू केला. एके दिवशी ते तीन तासांनी, रिक्षात बसून घरी आले. "जुना स्नेही भेटला," एवढेच म्हणाले. पुढल्या आठवड्यात शेजारच्या मुलाला ते सूरसागराच्या काठी दिसले. तलावाकडे पाठ करून ते उभे होते, आणि दोन पावले एका बाजूस जाऊन पुन्हा दोन पावले दुसऱ्या बाजूस येत होते. ज्या रस्त्याने ते साठ वर्षे चालले, त्याच रस्त्यावर ही अवस्था! वहिनींनी मला दूरध्वनी केला. "वन्सं, ह्यांना काहीतरी होतंय, पण ते सांगत नाहीत," एवढे बोलून त्या थांबल्या. मी रात्रीच्या गाडीने निघाले.

घरात दोन तट पडले होते. पुतण्याचे म्हणणे, बाबांचे लक्ष नसते, त्यांनी थोडे सावध राहावे. वहिनींचे म्हणणे, आता ह्यांना एकटे उंबऱ्याबाहेर सोडावयाचे नाही. एका नातेवाइकांनी तर परस्पर स्मृतिभ्रंशाचे निदान करून टाकले आणि कोणा परिचिताची करुण कहाणी ऐकविली. दादा हे सारे ऐकत होते. रात्री जेवणे झाल्यावर ते मला म्हणाले, "तुम्ही मला घरात बसविणार असाल तर बसेन. पण मग मी नुसता बसलेलाच राहीन, हे ध्यानात असू द्या." त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच मला अधिक भय वाटले. प्रश्न मांडवीच्या फेरीचा नव्हता. एका स्वाभिमानी माणसाने उरलेले आयुष्य कोणाच्या तरी हाताला धरून काढावयाचे की नाही, असा तो प्रश्न होता.

डॉक्टरांनी आम्हाला मेंदूच्या विकारांत मानसिक शक्तींची पारख करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठविले. वयाने तरुण, गुजराती कुटुंबातल्या, परंतु मराठी शेजारात वाढलेल्या. त्यांनी प्रथम दादांची दृष्टी नीट आहे ना, हे पाहिले. मग कागदावरच्या काही आडव्या रेघांचा मध्य त्यांना खुणवावयास सांगितला. उजव्या मेंदूला इजा झाली की काही रुग्णांना डाव्या बाजूच्या वस्तूंचे भानच राहत नाही, आणि तसे असेल तर मध्याची खूण उजवीकडे सरकते. दादांच्या खुणा मध्यावरच पडल्या. नंतर त्यांनी विचारले, "काका, मनातल्या मनात हिशेब कोणत्या भाषेत करता?" दादा म्हणाले, "मराठीत." तेव्हा बाईंनी मराठीतून एका सेकंदास एक याप्रमाणे अंक उच्चारले आणि दादांनी ते त्याच क्रमाने परत म्हणावयाचे होते. चार अंक झाले, पाच झाले, सहा झाले. सात अंकही दादांनी न अडखळता म्हणून दाखविले. "काका, हे तर माझ्याच्याने होणार नाही," असे बाई म्हणाल्या तेव्हा दादांची कळी खुलली.

मग त्यांनी एक मोठी पाटीवजा पडद्याची संगणकपेटी समोर ठेवली. पडद्यावर निळे चौकोन होते, एकूण नऊ. ते ओळीत मांडलेले नव्हते, अंगणात दाणे विखरावेत तसे इतस्ततः होते. त्यांतला एक चौकोन क्षणभर पिवळा होई आणि विझे. मग दुसरा. ज्या क्रमाने ते उजळले त्याच क्रमाने बोटाने त्यांना स्पर्श करावयाचा, एवढेच काम. आधी दोन-चार वेळा सराव झाला. दोन चौकोनांची मालिका दादांनी बरोबर दाखविली. तिनाची पहिल्या खेपेस चुकली, दुसऱ्या खेपेस जमली. चार चौकोनांच्या दोन्ही खेपा चुकल्या आणि यंत्राने चाचणी आपोआप थांबविली. दहा मिनिटेही लागली नसतील. दादा त्या रिकाम्या पडद्याकडे पाहत राहिले. "यंत्रात काही बिघाड नाही ना?" त्यांनी विचारले. "नाही, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. दादांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला. ज्या माणसाच्या डोळ्यांत एके काळी सबंध तालुका मावत असे, त्याला नऊ चौकोनांतले चार धरून ठेवता येत नव्हते.

मी हट्टाने तीच चाचणी दिली. माझा आकडा पाच आला. निरोगी प्रौढ माणसांचा आकडा सामान्यतः पाच-सहाच्या आसपास असतो आणि उतारवयात तो थोडा खाली येतो, असे मला सांगण्यात आले. म्हणजे दादांचे तीन हे केवळ वयाचे देणे नव्हते. सात अंक आणि तीन चौकोन यांतले अंतर हीच बोलकी गोष्ट होती.

त्यानंतर मी या चाचणीचा इतिहास वाचून काढला, आणि तो वाचकांनाही रंजक वाटेल. तिची एक पूर्वज न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर जन्मली. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातून लक्षावधी निर्वासित आणि गोरगरीब त्या बेटावर उतरत. त्यांना इंग्रजी येत नसे, मग त्यांची बुद्धी पारखावयाची कशी? हॉवर्ड नॉक्स या तेथील वैद्याने चार ठोकळे एका ओळीत मांडले. तो एका विशिष्ट क्रमाने त्यांवर टिचकी मारी आणि समोरच्याने तसेच करून दाखवावयाचे. ही चाचणी त्याने १९१४ साली प्रसिद्ध केली. भाषेवाचून परीक्षा घेता येते, हा तिचा विशेष. आपल्या देशात तर त्याचे मोल फारच मोठे. डॉ. भाटिया यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या बुद्धिचाचण्यांतही निरक्षर मुलांना अन्याय होऊ नये म्हणून हाताने करावयाच्या कामांवरच भर दिलेला आहे.

आजच्या नऊ ठोकळ्यांची चाचणी मात्र कॅनडातील माँट्रियल शहरची. तेथल्या मॅकगिल विद्यापीठात फिलिप कोर्सी या विद्यार्थ्याने डॉ. ब्रेंडा मिलनर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि १९७२ साली आपला प्रबंध सादर केला. अपस्माराच्या असाध्य रोगावर उपाय म्हणून ज्यांच्या मेंदूच्या कानशिलाकडील भागाचा अंश शस्त्रक्रियेने काढलेला होता, असे रुग्ण त्यांनी तपासले. एका फळीवर नऊ ठोकळे ठोकलेले. ठोकळ्यांच्या परीक्षकाकडील बाजूस आकडे लिहिलेले, रुग्णाला ते दिसत नसत. परीक्षक बोटाने एकेक ठोकळ्याला स्पर्श करी आणि रुग्ण त्याचे अनुकरण करी. मधूनमधून एकच मालिका गुपचूप पुन्हा पुन्हा येई. आपण ती ओळखली आहे हे कळो वा न कळो, निरोगी माणूस ती हळूहळू शिकतो. कोर्सी यांना असे आढळले की डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेल्यांना अंकांची मालिका शिकणे जड जाते, तर उजव्या बाजूची झालेल्यांना ठोकळ्यांची. शब्दांचे स्मरण आणि जागांचे स्मरण यांची घरे मेंदूत वेगवेगळी आहेत, याचा तो एक ठळक पुरावा ठरला. पुढे इटलीतील एन्नियो डी रेन्झी यांनी मेंदूला इजा झालेले अनेक रुग्ण तपासले. जागांची मालिका क्षणभर धरून ठेवण्याची शक्ती उजव्या मेंदूच्या मागल्या भागाशी विशेष निगडित आहे, याकडे त्यांच्या संशोधनाने लक्ष वेधले. हे वाचले आणि दादांच्या मेंदूचे ते करडे छायाचित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

क्षणाचे स्मरण आणि कायमचे स्मरण हीदेखील एक वस्तू नव्हे. हे जगाला शिकविले हेन्री मोलेसन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने. १९५३ साली अपस्मारावरील शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतील भाग काढला गेला. त्यानंतर नवी गोष्ट त्याच्या ध्यानात राहीनाशी झाली. आता भेटलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा आला तर तो त्याला अनोळखी वाटे. तरीही ऐकलेले अंक लगेच म्हणून दाखवावयास सांगितले, तर तो ते सहज म्हणे. ब्रेंडा मिलनर यांनी अनेक वर्षे त्याचा अभ्यास केला. २००८ साली तो वारला, तोवर स्मृतिविज्ञानाचे पाठ्यपुस्तक त्याच्यावाचून पुरे होत नव्हते. दादांची स्थिती याच्या जवळजवळ उलट होती. जुने सारे जागेवर होते आणि नवेही कालांतराने स्मरत होते. अडत होते ते मधल्या क्षणात, आणि तेही केवळ जागांच्या बाबतीत.

हा मधला क्षण किती विस्तीर्ण असतो? १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका प्रसिद्ध निबंधात सांगितले की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, दोन कमी वा दोन अधिक. पुढे १९७४ साली ब्रिटनमध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी असे प्रतिपादन केले, की मनाच्या या कामचलाऊ स्मरणाचे वेगवेगळे कप्पे असतात. एक शब्दांचा. त्यात ऐकलेले मनातल्या मनात घोळवून आपण ताजे ठेवतो. दुसरा चित्रांचा आणि जागांचा. त्याला आपण मनाची पाटी म्हणू. पाटीवर लिहावे, काम झाले की ओल्या फडक्याने पुसावे आणि पुन्हा लिहावे. दादांचा पहिला कप्पा भरभक्कम होता, पाटी मात्र तडकली होती.

या पाटीवरही दोन प्रकारची अक्षरे उमटतात. काय पाहिले हे एक, आणि कोठे व कोणत्या क्रमाने पाहिले हे दुसरे. म्हणून परीक्षकही दोन प्रकारच्या चाचण्या घेतात. पहिलीत चौकटींची एक जाळी क्षणभर दाखवितात. तिच्यातल्या अर्ध्या चौकटी काळ्या असतात. मग रिकाम्या जाळीत त्याच चौकटी भरावयास सांगतात. सर्जिओ डेला साला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलेल्या अशा चाचणीत जाळी लहानापासून वाढत वाढत तीस चौकटींपर्यंत जाते. येथे क्रम नसतो, आकृती तेवढी असते. नऊ चौकोनांच्या चाचणीत आकृती एकच राहते, क्रम बदलतो. दादांना ही जाळीची चाचणीही दिली. तीत ते थोडे उणे पडले, परंतु क्रमाच्या चाचणीइतके नव्हे.

येथे आपल्या घरातील एक उदाहरण सुचते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला पंधरा ओळींचे ठिपके सुटे सुटे ध्यानात ठेवता येत नाहीत. कोणालाच येत नाहीत. परंतु तिला ठिपके दिसतच नाहीत, तिला दिसतात पाकळ्या, वेल आणि कोपऱ्यातली चार कमळे. पुष्कळ गोष्टींची एक गोष्ट करून घेण्याचे हे कौशल्य आहे. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर प्रयोग करून हेच दाखविले. खऱ्या डावातील मोहरी पाच सेकंद दाखविली, तर कसलेल्या खेळाडूला बहुतेक सारी आठवतात. तीच मोहरी पटावर कशीही विखुरली, की त्याचा मोठेपणा सरतो आणि तो तुमच्याआमच्यासारखाच होतो. पाटी कोणाचीही मोठी नसते, लिहिणाऱ्याचे अक्षर तेवढे बारीक असते. मी शाळेत असताना काही मुले फळ्यावरील आकृती वहीत उतरविताना दहा-दहा वेळा मान वर करीत. ती आळशी नव्हती आणि मंदही नव्हती. त्यांना आकृतीचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याला नाव देऊन शिकविले, की त्यांची मान वर होण्याचे प्रमाण कमी होई.

आता संगणकाविषयी. लाकडी ठोकळ्यांच्या चाचणीत परीक्षकाचा हात कधी लवकर उचलला जातो, कधी रेंगाळतो. त्याची नजर पुढल्या ठोकळ्याकडे आधीच वळली, तर चाणाक्ष रुग्णाला सूचना मिळते. यंत्राच्या ठायी हा दोष नाही. ते प्रत्येक चौकोन तेवढाच वेळ उजळते, प्रत्येक स्पर्शाची वेळ टिपते आणि चूक जागेची झाली की क्रमाची, हेही नोंदवून ठेवते. विलायतेतील केंब्रिज विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात तयार झालेल्या संगणकी चाचण्यांत बोटाने स्पर्श करावयाचा पडदा वापरण्यात आला, तो याच कारणांसाठी. परंतु यंत्राचे उणेही आहे. ठोकळ्यांच्या वेळी हाताची वाट दिसते, पडद्यावर नुसता उजेड लागतो आणि विझतो. ज्या वृद्धाने असा पडदा कधी हाताळला नाही, त्याचे बोट थरथरले, तर तो विसरला की चुकून स्पर्श झाला, हे यंत्राला कळत नाही. झोप न झालेला, घाबरलेला वा कमी दिसणारा माणूसही खालचा आकडा आणील. म्हणून जाणता परीक्षक आधी सराव करून घेतो, शेजारी बसून पाहतो आणि एका आकड्यावर कधीही निकाल देत नाही.

बाईंनी आम्हाला हेच बजाविले. त्या म्हणाल्या, "या परीक्षेने काका वाट का चुकतात हे सिद्ध झाले नाही. कोठे शोधावयाचे, एवढे कळले. टेबलावरची जागा आणि पायाखालची जागा या अगदी एक नव्हेत." इटलीतील काही संशोधकांनी २००८ साली जमिनीवर मोठी सतरंजी अंथरून तिच्यावर तेच नऊ चौकोन दहापट मोठे मांडले आणि माणसांना त्यांवरून चालावयास लावले. बोटाने दाखविण्यात हुशार असलेला माणूस चालण्यात हुशार असतोच असे नाही आणि त्याच्या उलटही घडते, असे त्यातून पुढे आले. तेव्हा बाई एका सायंकाळी स्वतः दादांबरोबर मांडवीहून घरापर्यंत चालल्या. दादांना प्रत्येक इमारत ओळखू येत होती. गावाचा नकाशा त्यांनी कागदावर काढला, तोही जवळजवळ अचूक होता. परंतु रिक्षाला वाट देण्यासाठी ते वळून उभे राहिले, की आपण कोणीकडून आलो आणि किती वळणे मागे पडली, हे पाटीवरून पुसले जाई. मग ओळखीची इमारतही मदतीस येत नसे. ती ओळखीची असे, पण कोणत्या बाजूची हे कळत नसे.

निदान झाले तेव्हा घरातल्या दोन्ही तटांना आपले म्हणणे सोडावे लागले. दादा बेसावध नव्हते, आणि त्यांची बुद्धीही ढळलेली नव्हती. त्यांचे एक विवक्षित साधन मोडले होते. आणि जे साधन शाबूत होते, ते सात अंक सहज पेलत होते! बाईंनी त्याचाच उपयोग करावयास सुचविले. चित्र टिकत नसेल तर शब्द टिकवावे. परतीच्या वाटेवरील पाच नावे दादांनी एकापुढे एक म्हणावयाची. मांडवी, लहेरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर, सूरसागर, दांडिया बाजार. एक ठिकाण आले की अंगठा पुढल्या बोटाच्या पेरावर सरकवावयाचा. वाटेत कोणी भेटले, बोलणे झाले, तरी अंगठा पेरावरून उचलावयाचा नाही. सूरसागरावर मात्र एक जादा नियम. तलावातील महादेवाची उंच मूर्ती दिसली की थांबावयाचे, पुढले नाव मोठ्याने म्हणावयाचे, आणि मगच पाऊल टाकावयाचे.

पंधरा दिवस नातू वीस पावले मागून चालत असे. दादांना ते ठाऊक होते, आणि त्यांनी ते चालवून घेतले. पहिल्या आठवड्यात ते दोनदा थांबले, परंतु नातवाला हाक न मारता स्वतःच मार्गी लागले. तिसऱ्या आठवड्यापासून ते एकटे जाऊ लागले. खिशात पत्ता आणि दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, हातात भ्रमणध्वनी. काही गोष्टी मात्र सोडाव्या लागल्या. स्कूटर विकली. नव्या वस्तीत, लग्नकार्याच्या गर्दीत ते एकटे जात नाहीत. मांडवीला जाण्याच्या ज्या चार-पाच वाटा त्यांना ठाऊक होत्या, त्यांतली एकच त्यांनी ठेवली. हे नुकसान लहान नाही, आणि ते भरून आले असे मी म्हणणार नाही. वहिनी आजही दिवेलागणीला गॅलरीत उभ्या राहतात. परंतु दाराला कडी लागली नाही.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी दोन शब्द. तोंड एका बाजूस वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ जड होणे यांतले काहीही अकस्मात झाले, तर चाचण्यांचा विचार न करता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. तेथे मिनिटांची किंमत असते. नंतर वागण्यात काही वेगळे दिसले, तर ते हट्टीपणा, वय किंवा वेड यांच्या खाती न मांडता जाणकारांकडून पारखून घ्यावे. हल्ली भ्रमणध्वनीवर स्मरणशक्ती वाढविणारे म्हणून पुष्कळ खेळ मिळतात. करमणूक म्हणून खेळावयास हरकत नाही. परंतु अशा खेळात प्रावीण्य आले म्हणजे मुख्यतः तो खेळ येतो. खेळामुळे म्हातारपणची विस्मृती टळते अशी जाहिरात करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २०१६ साली वीस लाख डॉलर मोजावे लागले. तसेच घरच्या घरी चौकोन दाखवून आजी-आजोबांची परीक्षा घेऊ नये. आकडा काढणे सोपे असते. त्याचा अर्थ लावण्यासाठी शिकलेला माणूस लागतो, आणि तो ऐकणाऱ्याच्या मनाला काय वाटेल याची ज्याला जाण आहे असा लागतो.

आठ महिन्यांनी बाईंनी दादांची चाचणी पुन्हा घेतली. या खेपेस चार चौकोनांची मालिका साधली. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले की यात सुधारणेचा भाग किती आणि चाचणी ओळखीची झाल्याचा भाग किती, हे एका आकड्यावरून कळणार नाही. दादांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून ते म्हणाले, "चार चौकोन तुमच्या यंत्रात राहू देत. माझी पाच नावे माझ्यापाशी आहेत." आणि घड्याळाकडे पाहून ते उठले. मांडवीवर मंडळी जमण्याची वेळ झाली होती.